बमरोली, बमरौली आणि हिरे घेऊन निघालेलं डच विमान

नंदुरबारची एमएच-३९ पासिंगची गाडी सुरतला विकली गेली, की एनओसी निघते, नवं पासिंग होतं आणि थोड्या दिवसांत नंबरप्लेटवर जीजे-०५ चढतं. नव्या मालकानं रंगही बदलला, तर जुन्या मालकाला स्वतःची गाडी ओळखू येणार नाही. चेसिसवर ठोकलेला नंबर मात्र तोच राहतो. बमरोली-पांडेसऱ्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, जुनी गाडी घेताना तो आधी काय बघतो. प्लेट नाही, चेसिस बघतो.

दुसऱ्या महायुद्धात जावा बेटावरून जीव वाचवून निघालेल्या डच वाहतूक विमानांचं पुढे काय झालं, हे शोधायची रीतही हीच आहे. फरक इतकाच की या विमानांची प्लेट एकदा नाही, चार-चार वेळा बदलली. आणि त्यातल्या एका विमानात हिऱ्यांचं पुडकं होतं, म्हणून सुरतकरांनी तरी ही गोष्ट ऐकायलाच हवी.

आधी नावाचा घोळ मिटवू. सुरतच्या बमरोलीत खानदेशातून गेलेली मराठी माणसं राहतात, लूम चालतात, उधना स्टेशन जवळ आहे. या बमरोलीचा डच विमानांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो अलाहाबादजवळच्या बमरौलीचा. केएलएम या डच कंपनीची विमानं युद्धाआधी ॲमस्टरडॅमहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला जायची. वाटेत कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून असे मुक्काम. अलाहाबादचा विमानतळ म्हणजे बमरौली. १९३४ च्या लंडन ते मेलबर्न विमान शर्यतीत जे पाच सक्तीचे थांबे होते, त्यातलाही एक अलाहाबादच होता. त्या शर्यतीत केएलएमचं 'उइवर' हे प्रवासी विमान एकूणात दुसरं आलं आणि जगभर गाजलं. आता एखाद्यानं नकाशावर 'बमरोली' टाकलं, तर तो उत्तर प्रदेशाऐवजी सुरतेत येऊन पडायचा. जुन्या विमानांचा माग काढताना सगळ्यात जास्त फसगत होते ती अशीच. नाव जुळलं म्हणजे वस्तू जुळली, असं नसतं.

डच विमानं तिकडे होतीच कशाला?

वलंदेज आपल्याला नवे नाहीत. सुरतेत त्यांची वखार होती, त्यांच्या बड्या अधिकाऱ्यांच्या भल्यामोठ्या कबरी अजून उभ्या आहेत, आणि वेंगुर्ल्यातली डच वखार पडक्या अवस्थेत का होईना, आजही दाखवतात. मसाल्याच्या व्यापारातून त्यांनी आजचा इंडोनेशिया ताब्यात घेतला आणि विसाव्या शतकात तिथवर विमानसेवा सुरू केली. तिथे दोन वेगवेगळ्या संस्था विमानं चालवत होत्या, आणि हे नीट लक्षात ठेवलं नाही तर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. एक होती केएनआयएलएम, म्हणजे तिथली नागरी विमान कंपनी. दुसरी, तिथल्या वसाहती लष्कराची हवाई शाखा, जिच्याकडे लॉकहीड लोडस्टार जातीची लष्करी वाहतूक विमानं होती.

मे १९४० मध्ये जर्मनीनं नेदरलँड्स काबीज केलं. केएलएमचं घरच गेलं. त्या वेळी जी विमानं देशाबाहेर होती, तेवढीच उरली. काही इंग्लंडला पोचली. पूर्वेकडची विमानं पॅलेस्टाइनमधल्या लिड्डापासून जावापर्यंत जुनाच मार्ग चालवत राहिली, म्हणजे अलाहाबादचा थांबा होताच. इथेच पहिली प्लेट बदलली. नेदरलँड्सच्या विमानांची नोंदणी 'पीएच' अक्षरांनी सुरू व्हायची, वसाहतीतल्या विमानांची 'पीके'नं. पीएचची विमानं पीके झाली.

'पीके'मध्येही एक खोच आहे. इंडोनेशिया स्वतंत्र झाला, पण त्यानं ही अक्षरं सोडली नाहीत. आजही गरुडा कंपनीच्या विमानांवर पीकेच असतं. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात मिळालेलं 'व्हीटी' अजून प्रत्येक भारतीय विमानाच्या अंगावर आहे, तसंच. त्यामुळे एखाद्या जुन्या फोटोत पीके दिसलं, की तो १९४१ चा आहे का १९५१ चा, हे निव्वळ अक्षरांवरून सांगता येत नाही.

पेलिकान नावाची दोन विमानं

केएलएमची एक छान सवय होती. विमानांना पक्ष्यांची नावं द्यायची आणि नोंदणीतलं शेवटचं अक्षर त्या नावाच्या पहिल्या अक्षराशी जुळवायचं. पीएच-एएलपी म्हणजे 'पेलिकान', पीएच-एएलआय म्हणजे 'आयबिस'. माग काढणाऱ्याला याची फार मदत होते. अर्धवट अक्षरं दिसणाऱ्या फोटोतही शेवटचं अक्षर वाचता आलं, तर पक्ष्यापर्यंत पोचता येतं.

पण ही मदत धोक्याचीही आहे. इवान स्मिर्नॉफ हा पहिल्या महायुद्धातला रशियन लढाऊ वैमानिक, पुढे केएलएमचा नामांकित कॅप्टन झाला. डिसेंबर १९३३ मध्ये त्यानं 'पेलिकान' घेऊन ॲमस्टरडॅम ते बटाव्हिया हे अंतर चार दिवस आणि काही तासांत कापलं. हॉलंडमध्ये जल्लोष झाला. आठ वर्षांनी, मार्च १९४२ मध्ये, तोच स्मिर्नॉफ 'पेलिकान' उडवत असताना जपान्यांनी ते पाडलं. तोच कॅप्टन, तेच नाव. विमान मात्र वेगळं! १९३३ चं पेलिकान हे फोकर कंपनीचं तीन इंजिनांचं विमान होतं. १९४२ चं पेलिकान म्हणजे १९३७ मध्ये नोंदवलेलं, दोन इंजिनांचं, अमेरिकन बनावटीचं डग्लस डीसी-३. नावावर गेलं तर एकाच विमानाची वीरकथा तयार होते. कारखान्याच्या नंबरावर गेलं, तर ती दोन विमानं निघतात.

या दुसऱ्या पेलिकानची नोंदणी आधी पीएच-एएलपी, मग पीके-एएलपी आणि शेवटी पीके-एएफव्ही. म्हणजे शेवटच्या उड्डाणाच्या वेळी नाव आणि अक्षर जुळायची ती जुनी खूणही गेली होती.

३ मार्च १९४२

जपानी फौजा १ मार्च १९४२ ला जावाच्या किनाऱ्यावर उतरल्या. बांडुंग शहर हा शेवटचा आसरा होता. तिथून दक्षिणेला ऑस्ट्रेलियाकडे विमानं रात्री निघायची, कारण दिवसा आकाश जपानी झिरो विमानांचं होतं. विमानतळावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा शहरातला बुआ बातू रस्ताच धावपट्टी म्हणून वापरला गेला. लष्करी लोडस्टार आणि नागरी विमानं असा भेद तोवर उरला नव्हता. जे उडेल ते माणसं भरून निघत होतं. सैनिक, वैमानिकांची कुटुंबं, अधिकारी, लेकुरवाळ्या बाया.

३ तारखेच्या पहाटे, मध्यरात्रीनंतर तासाभरानं, पेलिकान बांडुंगहून निघालं. आत बारा जण होते, त्यात एक तान्हं मूल. निघता निघता विमानतळाच्या माणसानं स्मिर्नॉफच्या हातात एक पुडकं दिलं. तपकिरी कागद, वर लाखेची सीलं. ऑस्ट्रेलियात पोचल्यावर बँकेचा माणूस घेऊन जाईल, एवढंच सांगितलं. आत काय आहे हे कॅप्टनला माहीत नव्हतं. आत हिरे होते, बांडुंगच्या एका डच जवाहिरी पेढीचे. त्या वेळच्या हिशेबानं दीड ते तीन लाख पौंडांचे.

विमान ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूम या गावाकडे चाललं होतं. नेमक्या त्याच सकाळी जपान्यांनी ब्रूमवर हल्ला केला होता. परतणाऱ्या तीन झिरोंना पेलिकान दिसलं. स्मिर्नॉफच्या हाताला आणि कमरेला गोळ्या लागल्या, डावं इंजिन पेटलं. त्यानं विमान गरगरत खाली आणलं आणि कार्नोट बे या निर्जन किनाऱ्यावर, लाटांच्या तोंडाशी उतरवलं. पाण्यानं आग विझली. वरून झिरो गोळ्या झाडतच राहिले. नंतर एक मोठं जपानी विमान येऊन बॉम्बही टाकून गेलं.

गोड पाणी नाही, सावली नाही, चार जण गंभीर जखमी. विमानातलं सामान काढायला गेलेल्या एका प्रवाशाच्या हातात ते पुडकं आलं, तेवढ्यात लाट आली आणि पुडकं समुद्रात गेलं. त्या क्षणी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पाणी हवं होतं. चार दिवसांनी बीगल बे मिशनची माणसं पोचली तेव्हा बारापैकी आठ जण जिवंत होते.

हिऱ्यांचा माग का लागला नाही?

काही आठवड्यांनी जॅक पामर नावाचा, किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू गोळा करून जगणारा माणूस ब्रूमच्या लष्करी अधिकाऱ्यापुढे आला आणि त्यानं हिरे टेबलावर ओतले. मिठाच्या डबीतून ओतले, असं सांगतात. त्यांची किंमत वीस हजार पौंडांच्या पुढे भरली. म्हणजे मोठा हिस्सा गायबच होता. पुढे काही हिरे आदिवासी वस्त्यांत मिळाले, काही झाडाच्या बेचक्यात, काही एका घराच्या चुलाण्यात. मे १९४३ मध्ये पर्थच्या कोर्टात पामर आणि आणखी दोघांवर खटला चालला. तिघेही सुटले.

सुरतेत हिरे घासणाऱ्या कुणालाही याचं कारण समजावून सांगायला लागणार नाही. हिऱ्याला चेसिस नंबर नसतो. पुडकं फुटलं, की त्यातला दाणा कुठून आला हे दाणा बोलत नाही. पुन्हा घासला तर त्याचा आकार बदलतो, वजन बदलतं, आधीची ओळख पुसली जाते. आज मोठ्या हिऱ्याच्या कडेवर लेझरनं बारीक नंबर कोरतात, कच्च्या हिऱ्याबरोबर किंबर्ले प्रक्रियेचं प्रमाणपत्र लागतं. पण तीही व्यवस्था २००३ पासूनची. १९४२ मध्ये ओळख होती ती कागदाच्या पुडक्याची आणि लाखेच्या सीलाची. तीच भिजून गेली.

या घटनेवर जेवढं लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक हिऱ्यांवर आहे. साहजिकही आहे म्हणा. पण विमानांचा अभ्यास करणाऱ्यांना हिऱ्यांत फारसा रस नसतो, आणि त्यांचं बरोबर आहे. हिरे सापडणार नाहीत. विमानं सापडतात.

वाचलेली विमानं कुठे गेली?

जी विमानं ऑस्ट्रेलियाला सुखरूप पोचली, ती चालवायला डच कंपनी उरली नव्हती आणि जायला मार्ग उरला नव्हता. अमेरिकन लष्कराला मात्र वाहतूक विमानांची भयंकर टंचाई होती. १९४२ मध्येच केएनआयएलएमची उरलेली विमानं अमेरिकेनं विकत घेतली आणि न्यू गिनीच्या लढाईसाठी माल आणि माणसं वाहायला लावली.

इथे तिसरी प्लेट आली. अमेरिकन वाहतूक विमानांना ऑस्ट्रेलियात पाच अक्षरी रेडिओ संकेत दिले गेले, सगळे 'व्हीएच'नं सुरू होणारे. आता व्हीएच हीच ऑस्ट्रेलियाच्या नागरी विमानांची नोंदणीची अक्षरं. त्यामुळे कागदावर व्हीएच दिसलं की ते नागरी विमान समजायचं, ही चूक अगदी ठरलेली. चौथी प्लेट म्हणजे अमेरिकन लष्कराचा अनुक्रमांक, ज्याचे पहिले दोन आकडे खरेदीचं आर्थिक वर्ष सांगतात. केएनआयएलएमच्या तीन डीसी-५ विमानांना हे क्रमांक मिळाले ते ४४ नं सुरू होणारे. खरेदी १९४२ ची, क्रमांक १९४४ चा. युद्धाच्या धामधुमीत विमान आधी वापरलं आणि कागद दोन वर्षांनी पूर्ण केले, असा तो प्रकार. सरकारी कारभार सगळीकडे सारखाच, दुसरं काय!

डीसी-५ ची गोष्ट मागकाढ्यांची लाडकी आहे. कारण ही विमानं जगात बनलीच फक्त बारा. त्यामुळे एकही हरवलेलं चालत नाही. डच वसाहतीकडे चार होती. त्यातली दोन आधी कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर उडत होती, मग अर्धं जग ओलांडून जावाला आणली गेली. चारांपैकी पीके-एडीए हे फेब्रुवारी १९४२ मध्ये बटाव्हियाच्या विमानतळावर बॉम्बहल्ल्यात सापडलं आणि तिथेच राहिलं. जपान्यांनी ते दुरुस्त करून आपल्या देशात नेलं आणि तपासून पाहिलं. उरलेली तीन ऑस्ट्रेलियात निसटली. त्यातलं एक युद्धानंतर ऑस्ट्रेलियन नागरी नोंदणीत व्हीएच-एआरडी म्हणून आलं आणि १९४८ मध्ये नव्या इस्रायलच्या हवाई दलात पोचलं. कॅलिफोर्नियात बनलेलं यंत्र, डच वसाहतीचं, मग अमेरिकन लष्कराचं, मग ऑस्ट्रेलियन कंपनीचं आणि शेवटी भूमध्य समुद्राकाठी. प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा नंबर. हा सगळा प्रवास एकाच विमानाचा आहे हे सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कारखान्यात ठोकलेला बांधणी क्रमांक.

म्हणूनच माग काढणारे उलट्या दिशेनं चालतात. आधी कारखान्याच्या यादीत बांधणी क्रमांक धरायचा. मग प्रत्येक देशाच्या नोंदणी वहीत तो कुठे येतो ते बघायचं. मग वैमानिकांच्या लॉगबुकात तारखा जुळवायच्या, कारण वैमानिक नंबर चुकीचा लिहील, पण कुठे उतरलो हे सहसा चुकवत नाही. शेवटी अपघाताचे अहवाल आणि फोटो. नवापूर स्टेशनवर एकाच फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथली एखादी घटना शोधायची तर दोन्ही राज्यांचे कागद काढावे लागतील. या विमानांसाठी पाच देशांचे काढावे लागतात.

इंग्लंडला पोचलेल्या डच विमानांपैकी एक होतं 'आयबिस'. त्याला ब्रिटिश नोंदणी मिळाली आणि ते डच वैमानिकांसह लिस्बनच्या मार्गावर उडत राहिलं. १ जून १९४३ ला जर्मन विमानांनी ते बिस्केच्या उपसागरावर पाडलं. त्यात सिनेनट लेस्ली हॉवर्ड होता, म्हणून सगळ्यांना ते माहीत. ते विमान मूळचं डच, हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण पाडलं गेलं तेव्हा त्याची अक्षरं इंग्रजी होती.

यादी नसलेली माणसं

परत ब्रूमला. त्या सकाळी बंदरात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची रांग लागली होती. डच डॉर्निये, कॅटालिना, ब्रिटिश, अमेरिकन. बरीच जावामधून काही तासांपूर्वीच आली होती. इंधन मिळेपर्यंत बायका-मुलं आतच बसून होती, कारण भरती-ओहोटीमुळे किनाऱ्यावर उतरणं कठीण होतं. सकाळी साडेनऊच्या सुमारास नऊ झिरो आले. बंदरातली पंधराच्या पंधरा विमानं बुडाली किंवा जळाली. धावपट्टीवरची मोठी बॉम्बर आणि एक डच लोडस्टारही गेलं. त्या लोडस्टारचा वैमानिक गुस विंकेल यानं विमानातून काढलेली मशीनगन नुसत्या हातावर तोलून गोळ्या झाडल्या. तापलेल्या नळीनं त्याचा हात भाजला. हल्ल्यातलं एक झिरो पाडल्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं.

मृतांचा आकडा किमान ८८ मानला जातो. 'किमान' हा शब्द इतक्या वर्षांनंतरही तिथून हललेला नाही. कुठल्या विमानात किती माणसं बसली, याच्या धड याद्या निघताना झाल्याच नव्हत्या. विमानांची गोष्ट वेगळी. डच नौदलाच्या डॉर्निये विमानांवर 'एक्स' आणि आकडा, कॅटालिनांवर 'वाय' आणि आकडा असायचा. रोबक बेमध्ये फार मोठी ओहोटी आली, की त्यांचे सांगाडे आजही चिखलातून वर येतात आणि लोक चालत जाऊन बघून येतात. कोणता सांगाडा कोणत्या नंबराचा, याचा हिशेब बराचसा लागला आहे. आत कोण होतं, हे विचारलं तर तो हिशेब अडतो.

सात वर्षांनंतरची मुंबईची घटना याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. १२ जुलै १९४९ ला केएलएमचं 'फ्रानेकर' हे कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी धुक्यात घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार त्यात होते. ४५ जणांपैकी कुणीच वाचलं नाही. पण मृत ४५, यावर कधी वाद झाला नाही. तिकिटं होती, यादी होती. नोंदणी पीएच-टीडीएफ, नाव फ्रानेकर, म्हणजे अक्षर जुळवायची जुनी रीतही परत आली होती.

ब्रूमच्या तुलनेत पेलिकानचं एक बरं, की आठ जण परत आले आणि त्यांनी नावं सांगितली. मारिया फान टाउन आणि तिचा तान्हा मुलगा योहानेस, मेकॅनिक योप ब्लाउ, आणि डान हेंड्रिक्स. चौघांना बरोबरच्या माणसांनी तिथल्याच वाळूत पुरलं होतं.